लाडवांचा हिशेब

यंदा महिला दिनाला आमच्या मंडळात भाषण नको, सिनेमा दाखवू, असं ठरलं. सुरतेत राहणाऱ्या आम्ही खानदेशातल्या जैन बायका. कुणी धुळ्याची, कुणी चोपड्याची, मी अमळनेरची. घरात मराठी, मार्केटमध्ये गुजराती आणि भांडणात मारवाडी, अशी आमची भाषा. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची म्हणून दुपारी दोनलाच क्लबहाउसमध्ये पडदा लावला आणि गौरी शिंदे यांचा ‘इंग्लिश विंग्लिश’ बघितला. २०१२ सालचा सिनेमा. बहुतेकींनी टीव्हीवर आधी पाहिलेला, तरी शेवटी रुमाल निघालेच.

नंतर चर्चा झाली. काय आवडलं ते एकेकीने सांगायचं. शशी गोडबोले कशी एकटी परदेशात शिकली, कशी सगळ्यांसमोर उभी राहून बोलली, स्वतःच्या हिमतीवर, आणि तेसुद्धा घर सांभाळून! हे ‘घर सांभाळून’ तीन-चार जणींच्या तोंडून आलं. माझ्याही आलं. माझी सून शेजारी बसली होती, ती काही बोलली नाही. ती घरी केक करून विकते, बिनअंड्याचे. दोन वर्षं झाली. रिक्षातून परत येताना तिने विचारलं, “मम्मी, ती न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिच्या लाडवांच्या ऑर्डरींचं काय झालं?”

मला उत्तर देता येईना. घरी येऊन मी सिनेमा पुन्हा लावला, या वेळी वही घेऊन. बी. ए. ला मराठी होतं, सरांनी सांगितलं होतं की आवडलेली गोष्ट दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल हातात ठेवावी. ते इतक्या वर्षांनी कामाला आलं.

ज्यांनी पाहिलाच नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शशी ही मराठी घरातली गृहिणी, घरी लाडू करून विकते. नवरा, मुलगी, मुलगा, सासू. तिला इंग्रजी येत नाही म्हणून मुलीला तिची लाज वाटते, नवरा थट्टा करतो. भाचीच्या लग्नासाठी ती काही आठवडे आधी एकटी न्यूयॉर्कला जाते आणि घरच्यांना न सांगता चार आठवड्यांच्या इंग्रजीच्या क्लासला नाव घालते. श्रीदेवी पंधरा वर्षांनी मोठ्या भूमिकेत परतली ती याच सिनेमातून, आणि काय परतली! बोलण्याआधी ओठांशी थांबलेला शब्द तिच्याइतका कुणी दाखवला असेल असं मला वाटत नाही.

सिनेमाची सुरुवात तर मला फारच खरी वाटते. सकाळी शशी स्वतःसाठी कॉफी करून वर्तमानपत्र घेऊन बसते आणि बसते न बसते तोच कुणाला तरी काहीतरी हवं असतं. मग ती उठते. एवढंच. कुणी ओरडत नाही, कुणी वाईट नाही. अशा सकाळी आपण हजारो काढल्या आहेत, पण त्या पडद्यावर येण्याजोग्या आहेत हे या बाईंनी ओळखलं, त्याबद्दल त्यांना शंभर गुण.

आता लाडू. लाडू देऊन आल्यावर, लोकांनी वाखाणल्यावर, तिला ते कुणाला तरी सांगायचं असतं आणि नवऱ्याला वेळ नसतो. पुढे हाच नवरा पाहुण्यांसमोर हसत हसत म्हणतो की माझी बायको लाडू करायलाच जन्माला आली आहे. त्याला वाटतं आपण कौतुक केलं. शशीचा चेहरा पडतो. या एका वाक्यात सगळं आहे. जन्मतःच येतं म्हटलं की त्याला शिकणं नाही, मेहनत नाही, भाव नाही. कोकिळेला कुणी मानधन देतं का?

याच्या उलट प्रसंग क्लासमध्ये येतो. आपण खाण्याचे पदार्थ करून विकतो, छोटंसंच काम आहे, असं ती चाचरत सांगते आणि शिक्षक म्हणतो, म्हणजे तू आंत्रप्रेन्योर! उद्योजक! तो अवघड शब्द घोळवत ती न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून चालते तेव्हा आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरात जी ‘लाडूवाली’ होती तिला परक्या माणसाने एका शब्दात धंद्याचा दर्जा दिला.

पण वही घेऊन बघताना जाणवलं की सिनेमाने तिला शब्द दिला आणि धंदा तिथेच सोडून दिला. किती लाडू जातात, तुपाचा डबा कितीला पडतो, एका लाडवामागे तिला काय सुटतं, याचा हिशेब कुठेच मांडलेला नाही. क्लासची फी ती लाडवांच्या कमाईतून भरते, हा त्या पैशाचा एकुलता एक मोठा पराक्रम, आणि तोही चोरून. पुढच्या निम्म्या सिनेमात जे लाडू दिसतात ते लग्नघरातले. मायेचे, म्हणजे फुकटचे. उद्योजक हा शब्द मिळाल्यानंतर ती जे लाडू करते त्याला गिऱ्हाईकच नाही.

आणि सुनेचा प्रश्न तर आहेच. गिऱ्हाईक बांधलेला धंदा काही आठवडे बंद राहतो आणि पटकथेला त्याची फिकीर नाही. शशीला काळजी आहे ती घराची, आपण नसताना मुलांचं कसं होईल याची. ती असणारच. पण रिंग रोडवरच्या कुठल्याही कापड मार्केटमधल्या माणसाला भाचीच्या लग्नासाठी काही आठवडे गाळा बंद ठेवायला सांगून बघा. पार्ट्या तुटतील, पेमेंट अडकेल, दलाल दुसरीकडे जाईल, घरात रात्रभर चर्चा होईल. पुरुषाचं दुकान बंद राहणं हीच एक गोष्ट झाली असती. बाईचा धंदा बंद राहिला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तो तेवढाच ठेवलेला असतो, कुणाच्या लक्षात येणार नाही एवढा.

जाता जाता एक. दिवसभर पाकात हात असलेल्या बाईच्या साडीची निरी इतकी सरळ कशी राहते? सुरतेत राहून साडीकडे लक्ष जातंच. आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई खाखरे करते. तिच्या गाऊनला कायम पीठ, तव्याच्या बाजूचा हात दुसऱ्या हातापेक्षा काळा, आणि पर्युषणाच्या आधीचे पंधरा दिवस गुडघ्याला पट्टा. शशी कधी दमत नाही. तिचं मन दुखतं, पाठ दुखत नाही. बाईचं सुख म्हणजे फक्त मान, असं धरून चाललं की झोप, गुडघे, रक्तदाब हे विषय निघतच नाहीत.

ज्या प्रसंगावर आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलणं झालं तो परीक्षेचा. लग्नाच्या दिवशीच क्लासची शेवटची परीक्षा. मुलाच्या खोडीमुळे केलेले लाडू वाया जातात, आणि शशी परीक्षा सोडून पुन्हा लाडू करायला बसते. मंडळातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, त्याग! निम्म्या म्हणाल्या, कशाला, आणायचे होते बाहेरून. मला दोन्ही पटत नाही. इंग्रजी तिची हौस होती, गरजही म्हणा, पण लाडू हे तिचं काम होतं. आपल्या नावावर जाणारा माल बिघडला तर तो पुन्हा करायचा, मग प्रमाणपत्र गेलं तरी चालेल, हा खरा धंदेवाल्याचा निर्णय आहे. आमच्या सासऱ्यांनी एकदा रंग उतरणाऱ्या साड्यांचा अख्खा लॉट परत घेतला होता, त्याला कुणी त्याग म्हटलं नव्हतं. पेढीची अब्रू राखली म्हणाले. शशीने अब्रू राखली. सिनेमाला मात्र ते आईपण वाटतं. पुढे शिक्षक तिला उत्तम गुणांनी पास झाल्याचं सांगतो ते तिच्या भाषणासाठी, लाडवांना तिथेही गुण नाहीत.

भाषण मात्र सुंदर आहे. नवरा-बायकोतली बरोबरी, कुणी कुणाला कमी लेखू नये, कधी कधी आपली मदत आपणच करायची असते, असं ती अडखळत अडखळत सांगते. रडू आलंच. नंतर विचार केला, ही ‘आपली मदत आपण’ बायकांनाच का शिकवावी लागते? नवऱ्याची मान खाली जाते, तो विरघळतो, छान. पण घरी परतल्यावर सकाळची ती कॉफी कोण करणार? सिनेमा विमानातच संपतो. शशी विमानात हिंदी वर्तमानपत्र मागते, आता तिला इंग्रजीचं दडपण नाही. पण वर्तमानपत्र बसून शेवटपर्यंत वाचायला मिळणं हा वेगळा प्रश्न आहे.

याचं एक कारण मला सापडल्यासारखं वाटतं. गौरी शिंदे यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे की ही गोष्ट त्यांच्या आईवरून सुचली. आई पुण्यात घरातून लोणच्यांचा व्यवसाय करत आणि त्यांना इंग्रजी फारसं येत नसल्याची लहानपणी मुलीला लाज वाटे. हा सिनेमा म्हणजे मुलीने मागितलेली माफी आहे. मोठं मन लागतं त्याला. पण ती माफी आईच्या बोलण्याबद्दल आहे, आईच्या कामाबद्दल नाही. इंग्रजीवरून हिणवलं म्हणून आपल्याला अपराधी वाटतं, पण लोणच्याच्या बरण्या पुसायला आपण कधी बसलो नाही याबद्दल वाटत नाही. मी हे दिग्दर्शिकेला दोष द्यायला लिहीत नाही. माझी आई अमळनेरला पापड लाटून शेजारणींना विकायची. मी कॉलेजला जायचे ते पापडांच्या चादरीवरून उडी मारून.

मग ‘घर सांभाळून’ म्हणजे नक्की काय, हे बघायला मी आकडे शोधले. सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, पुरुष ९७. त्यातही ही ९७ मिनिटं फक्त अशा पुरुषांची, जे घरात काही करतात, आणि ते शंभरात २६ आहेत. म्हणजे केक करायला बसण्याआधीच सुनेचे पाच तास गेलेले. पुरुषाला कुणी विचारत नाही की घर आणि धंदा याचा तोल कसा सांभाळता. आमच्याकडचा तोल मला माहीत आहे. चौविहाराचा डबा साडेचारला घरातून निघतो आणि सूर्यास्ताआधी मार्केटात पोचतो. त्यांचा तोल आम्ही डब्यात भरून पाठवतो.

त्यांचं बरं चाललंय असंही नाही. गेल्या काही वर्षांच्या हिऱ्याच्या मंदीत या शहराने काय काय बघितलं ते सुरतकरांना सांगायला नको. पेमेंट बुडालं तरी माणूस घरी येऊन ‘काही नाही, डोकं दुखतंय’ म्हणतो. आमच्या ह्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली हे मला केमिस्टच्या बिलावरून कळलं. धंदा म्हणजे पुरुष आणि घर म्हणजे बाई अशी भिंत घातली की एकाला घरात बोलता येत नाही आणि दुसरीला धंद्यात. सिनेमातल्या सतीशकडे मी दुसऱ्यांदा जरा दयेने बघितलं.

आता माझंही सांगते. सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ साली, देशातल्या एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के बायकांच्या मालकीच्या निघाल्या. शंभरातल्या जेमतेम चौदा. त्या चौदात मी आहे का, असा मला प्रश्न पडला. कारण एक फर्म माझ्या नावावर आहे. बावीस वर्षं झाली. मी मालक, प्रोप्रायटर. सी. ए. कडून कागद येतात, फुलीच्या खुणेवर मी सही करते. फर्म काय खरेदी करते हे मला साधारण माहीत आहे, किती कमावते ते माहीत नाही. आमच्या समाजात अशा मालकिणी दर जिन्यात एक सापडेल. शशी राबते आणि तिला कुणी उद्योजक म्हणत नाही, मी कागदोपत्री उद्योजक आहे आणि मला चेकबुक कुठल्या कपाटात आहे ते विचारावं लागतं. आणि उधना, लिंबायतकडच्या आमच्याच खानदेशातल्या बायका, ज्या घरात बसून साडीवर नगावर खडे चिकटवतात? त्यांच्यासाठी तर न्यूयॉर्कच्या शिक्षकाकडेही शब्द नसावा.

अशा वेळी मला सिनेमापेक्षा लिज्जतची खरी गोष्ट जास्त शिकवते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे सगळ्यांना पाठ आहे. भाषणांत तेवढंच सांगतात, सात बायका, ऐंशी रुपये, टाळ्या. पुढची रचना कुणी सांगत नाही आणि खरी अक्कल तिथे आहे. पीठ संस्थेच्या केंद्रात मळलं जातं. बहीण ते घरी नेते, लाटते, वाळवते, दुसऱ्या दिवशी पापड देते, ते तपासले जातात आणि वणाईचे पैसे हातात पडतात. उडीद-हिंग खरेदी, विक्री, उधारी वसुली हे एकेकटीच्या डोक्यावर नाही. आणि प्रत्येक बहीण मालक, नफ्यातोट्यात वाटेकरी. पुरुष नोकरीला ठेवता येतो, सभासद होता येत नाही. महाराष्ट्राबाहेरची पहिली शाखा आमच्याच बाजूला, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या वालोडला, १९६८ साली निघाली. सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

लिज्जतनेही बाईला घरातून बाहेर काढलं नाही, हे खरं. लाटणं घरातच, पोळ्यांच्या आणि अभ्यासाच्या मधल्या वेळात. ‘घर सांभाळून’ तिथेही आहे. पण तिथे तिच्या हातचा माल मोजून घेतला जातो आणि मोजून पैसे दिले जातात, आणि ते तिच्या नावावर लिहिले जातात. कुणी तिला लाटायला जन्मली आहेस म्हणत नाही. शशीच्या लाडवांना अशी एक वही मिळाली असती तर तिला आत्मविश्वासासाठी इतक्या लांब जावं लागलं असतं का, असं आपलं माझ्या मनात आलं.

हे सगळं मी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, “मम्मी, तुम्हीच म्हणाला होतात, कर, पण घर सांभाळून.” म्हणाले होते. दोन वर्षांपूर्वी, ओव्हन आणला तेव्हा, मोठ्या मनाने परवानगी दिल्यासारखं. शनिवारी तिला तीन-चार ऑर्डरी असतात आणि केक थंड व्हायच्या वेळेलाच आमची संध्याकाळच्या जेवणाची घाई. आजवर ती क्रीम लावता लावता पोळ्या करायची आणि मी ओट्याशी उभी राहून ‘उशीर होतोय गं’ म्हणायचे. आता शनिवारच्या पोळ्या मुलगा करतो. जाड होतात. ह्यांनी पहिल्या शनिवारी विचारलं, घरात दोन बायका असताना? मी म्हटलं, एक कामात आहे आणि दुसरीला आज सिनेमावर लिहायचं आहे.

गेल्या रविवारी सून अन्न परवान्याचा फॉर्म भरायला बसली. छोट्या धंद्याला नोंदणी लागते, वर्षाची फी १०० रुपये. मोबाइलवर मुलगा माहिती भरत होता. पत्ता झाला, पदार्थ झाले, मग मालकाचं नाव आलं. तो वर न बघताच म्हणाला, “मम्मीचं टाकू ना? तिला सह्यांची सवय आहे.”

“नको,” सून म्हणाली. “माझं टाक.”

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि परत घातलं. आधार कार्ड लागणार होतं. घरातली सगळ्यांची कागदपत्रं माझ्या कपाटात असतात, सुनेचीसुद्धा. मी किल्ली घेऊन उठले.